टाकीच्या मागच्या अंगाला

लोखंडी टाकीला भोक पाडायचं असेल तर हरेश्वर भोईर आधी ती रिकामी करायला लावतात. पूर्ण रिकामी, तळाचं पाणीसुद्धा डबड्याने उपसून. मग आत उतरायचं, ड्रिलने वर्तुळावर बारीक भोकं घ्यायची, छिन्नीने मधली चकती पाडायची आणि अर्धगोल कानशीने कड इतकी घासायची की बोट फिरवलं तरी कुठे अडकू नये. पडलेला कीस ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा, कारण तो राहिला तर तिथूनच गंज धरतो. जूचंद्रात चाळीस वर्षं प्लंबिंग करताना या पद्धतीपायी त्यांची कितीतरी कामं गेली. "म्हातारा भोक पाडायला येतो का टाकीचं बारसं करायला?" अशी थट्टा गावात चालते. ती त्यांच्या कानावर आहे.

गेल्या मार्चमध्ये धाकट्या भावाने, जयवंतने, बोलावलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं.

टाकी दोघांची. वडिलांनी ती एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून आणली आणि दोन घरांच्या मधल्या ओट्यावर बसवली. हरेश्वर तेव्हा नुकतेच काम शिकले होते. त्यांनीच दोन घरांसाठी दोन भोकं पाडली, तळापासून वीतभर वर, दोन्ही एका पातळीत. ज्याचं भोक खाली त्याला शेवटचं पाणी मिळतं. वरच्याचा नळ आधी कोरडा पडतो. वडील एवढंच म्हणाले होते, "दोगांना सारखं."

आता नव्या नळजोडणीचा पाइप आत घ्यायला टाकीच्या वरच्या अंगाला आणखी एक भोक हवं होतं.

"दादूस, वरचं तर भोक. खाली पानी असलं तं काय बिघडतं?" जयवंत म्हणाला.

"कीस पडतो."

"पडू दे ना. लोखंड पोटात गेलं तं रगतच वाढंल."

"तुझं वाढव. मी रिकामी केल्याबिगर हात लावनार नाय."

जयवंतने आणखी दोनदा आग्रह केला. मग "कर तुझ्या मनासारखं" म्हणून तो घरात गेला.

हरेश्वरांच्या घरचं पाणी दोन वर्षं दुपारीच संपत होतं. जयवंतकडे संध्याकाळपर्यंत नळ चालू. "तुझ्या लाइनीत गाळ असंल," जयवंत म्हणायचा. हरेश्वरांनी स्वतःची लाइन तीनदा सोडली. पाइपाच्या वळणांवरचे कोपर बदलले, वाल्व बदलला. गाळ सापडला नाही. मग त्यांनी बायकोला धरलं. सत्यवती भांडी घासताना नळ चालूच ठेवते, तिला पाण्याची किंमत नाही. नंदाखालहून आलेल्या पाहुण्यांसमोरही ते असं बोलले. ती हंडा घेऊन विहिरीवर गेली.

टाकी आतून बघायचा प्रसंग या काळात आला नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जयवंतनेच सांगितलं होतं, "तू डोळा सांभाळ दादूस, टाकी धुवायचं मी बघतो." भाऊ असावा तर असा, हे हरेश्वर नाक्यावर चारचौघांना ऐकवत.

दोन्ही घरांचे नळ सोडले. धार तुटली की तळाला वीतभर पाणी उरायला हवं. हरेश्वर डबडं घेऊन आत उतरले तर पाणी घोट्यालाही लागेना. दोन बोटं असेल. त्यांनी बॅटरी फिरवली. टाकीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून, अगदी तळालगत एक भोक होतं. बाहेरून त्याचा पाइप गोणपाटात गुंडाळून जयवंतच्या लाइनीला जोडलेला.

"जयवंता!"

शिडी वाजली. झाकणाच्या भोकात जयवंतचा चेहरा आला.

"हे कुनी पाडलं?"

"जुनं असंल."

"जुनी भोकं दोनच. दोनी माझीच."

"मागं चार खोल्या बांधल्या. भाडोत्री हायेत. त्यांना पानी नको?"

"मना सांगायचं होतंस."

"तुना सांगितलं असतं तं तू जुन्या पातळीतच पाडलं असतंस."

"मग?"

"मग त्याचा उपेग काय?"

जयवंतच्या आवाजात राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. हरेश्वरांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. काम जाणत्या माणसाचं होतं. ते झालं तेव्हा आपण कुठे होतो, हे त्यांना आठवलं. वसईच्या दवाखान्यात, डोळ्याला पट्टी बांधून. जयवंत रोज डबा घेऊन येत होता.

बाहेर येऊन त्यांनी पेटीतून एक प्लग काढला. "टाकी तुझी. माझं भोक मी बंद करतो."

"आनि मी पानी कुठून भरू?" पायरीवरून सत्यवतीने विचारलं.

"याने दोन वर्षं..."

"मना ठावं हाय. पाइप लावला तवा मी घरीच होते."

हरेश्वर तिच्याकडे वळले. "आनि बोलली नायस?"

"बोलून? भाऊ म्हंजे तुमचा देव. मीच खोटी पडले असते." तिने पदर खोचला. "रुसायचं असंल तं मागून रुसा. आदी माझ्या बाजूला भोक पाडा. त्याच्याच पातळीत."

दोन घरांत प्लंबर एकच, आणि ज्याला माहीत नव्हतं तोही एकटाच.

त्यांनी प्लग पेटीत टाकला. पातळी घ्यायची पारदर्शक नळी पाण्याने भरली आणि तिचं एक टोक जयवंतच्या हातात देऊन त्याला टाकीमागे, त्याच्या भोकापाशी उभं केलं. "पानी थांबंपरेंत हात हलवू नको."

जयवंत उभा राहिला. नळीतलं पाणी वर-खाली होत स्थिर झालं. हरेश्वरांनी खडूने खूण केली, आत उतरले आणि भोक पाडलं. कड नेहमीसारखी घासली, कीस टिपला. मग कबूल केलेलं वरचं भोकही पाडून दिलं आणि हत्यारं गोळा करताना जयवंतला सांगितलं, पुढच्या कामाला दुसरा माणूस बघ.

त्या दिवशी ते सत्यवतीशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "आनखी काय काय ठावं हाय तुना, जे मना नाय?"

तिने ताटात भात वाढला. "जेवा आदी," म्हणाली.