इंटरव्ह्यूतलं बोट

आता कोणत्या तोंडाने सांगू! पण तुम्ही घरचीच माणसं, म्हणून सांगते. मी एका साहेबांना भर इंटरव्ह्यूत बंद करून ठेवलं!

त्या साली बोंडअळीने मोताळ्याजवळची आमची सगळी कपाशीची पऱ्हाटी पोखरली. आमच्या यांनी ती उपटून टाकली आणि घरदार माझ्या इंटरव्ह्यूकडे डोळे लावून बसलं. काम घरून करायचं, वेबसाइट तपासण्याचं. मी साधी बारावी; बाकी सगळं मोबाइलवर, व्हिडिओतल्या सरांकडून शिकलेलं. तेही कसं? आमचा गुड्डू रडला की स्क्रीनवर बोट, सर गप्प. दूध उतू चाललं की बोट, सर गप्प. इतका गुणी मास्तर मला शाळेतही मिळाला नव्हता!

धाकटे दीर इंजिनिअर. डिग्री घेऊन घरीच. "वहिनी, व्हिडिओ पाहून कोनाले नोकरी भेटते काय? डिग्री मांगतेत ते!"

मला तरी कुठे खात्री होती? गुड्डूला दिरांकडे दिलं, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला. साहेब पुण्याचे, शांत. दोन प्रश्न बरे गेले. मग म्हणाले, "डिग्री नाही तुमची. खरंच स्वतः ऑनलाइन शिकलात, की सर्टिफिकेट दुसऱ्याच कुणी काढून दिलं?"

"स्वतःच शिकले," मी म्हटलं.

"बरं, सांगा. वेबसाइटमध्ये एक दुरुस्ती केली. आधीचं चालणारं बिघडलं नाही ना, हे बघायच्या तपासणीला काय म्हणतात?"

नाव ओठांवर, पण येईना! तेवढ्यात रडता गुड्डू घेऊन दीर दारात. "वहिनी, हा आयकतच नाही!"

आणि माझं बोट गेलं. थेट साहेबांच्या नाकावर!

साहेब गप्प. तोंड उघडं ठेवून गप्प. मग मला शंका कशी यावी?

"द्या त्याले इकडे. अन् भाऊजी, तुम्ही इंजिनेर ना? सांगा लवकर, दुरुस्तीनंतर जुनं पुन्हा तपासतेत, त्याले काय म्हनतेत?"

"मले काय माहीत? आमाले नव्हतं ते!"

"मंग कॉलेजात काय केलं?"

"तुमाले येत नाही तं माह्यावर काऊन चिडून राह्यल्या?"

"थांबा... जुनं पुन्हा... हाव! रिग्रेशन टेस्टिंग! त्या टकल्या सराच्या व्हिडिओत होतं! हा सायेब बी लय हळू बोलते बाप्पा, याले दीडपट स्पीडवर लावा लागते."

दीर मोबाइलकडे टक लावून बघत होते. "वहिनी... सायबाचे डोळे हालून राह्यले."

मी वळले.

"मॅडम," साहेब हळूच म्हणाले, "मी पुढे बोलू, की तुम्ही प्ले दाबताय?"

पिठाच्या डब्यात शिरावंसं वाटलं हो!

"ऑनलाइन शिकलात याबद्दल आता शंका नाही," एवढंच म्हणून त्यांनी कॉल बंद केला. पुढचे कित्येक दिवस मेल उघडायचा धीर होईना. दीर चिडवतही नव्हते, तेच जास्त भयंकर!

पण लागली नोकरी. पहिल्याच मीटिंगला साहेबांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली, "ह्या आपल्या नवीन मॅडम. डिग्री नाही, काम येतं. फक्त ह्यांच्यासमोर थोडक्यात बोला. कंटाळल्या तर थेट नाकावर बोट ठेवतात."