युनिफॉर्मवरचा चीक

चिंचवडच्या आमच्या चाळीत कुणाचा नवरा कुठं कामाला आहे हे विचारावं लागत नसे. सकाळी नळावर बायका धुणं घेऊन बसल्या की कपड्यांवरूनच कळायचं. काळं तेल म्हणजे मशीन शॉप, रंगाचे शिंतोडे म्हणजे पेंट शॉप, बाहीला बारीक जळकी भोकं म्हणजे वेल्डर. माझे हे टर्नर होते. पर्मनंट. तेलानं माखलेला त्यांचा निळा शर्ट मी दगडावर असा आपटायची की शेजारणीनं मान वळवून बघावं. खोटं कशाला सांगू, त्या डागांचा मला गर्व होता. मंगळसूत्र सोडलं तर मिरवायला माझ्याकडं तेवढंच होतं.

माझं माहेर महाळुंग्याचं. चांगलं बागायती स्थळ नाकारून वडिलांनी मला कंपनीवाल्याला दिली. त्यांचं म्हणणं, पाऊस पडो न पडो, भोंगा वाजला की पगार. हे मी नळावर इतक्यांदा सांगितलं होतं की बायकांना पाठ झालं होतं. खानदेशी मावशी तेवढ्या हसून म्हणायच्या, "वाजू दे बाई तुझा भोंगा." त्या रावेरकडच्या, आम्हा सगळ्यांत वयानं मोठ्या. त्यांचे यजमान एका गोडाऊनवर वॉचमन होते. त्यांच्या खाकी कपड्यांना डाग म्हणून नसे. "मावशी, तुमचं बरं हाय, साबण वाचतोय," असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. बायका खिदळल्या. मावशीही हसल्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी दिवाळी झाली आणि ह्यांच्या शर्टावर वेगळेच डाग यायला लागले. खांद्यावर, छातीवर, बाहीवर. ओले असताना दिसायचेही नाहीत, वाळले की काताच्या रंगाचे. सोडा लावून पाहिला, उन्हात टाकून पाहिलं, तर मेले आणखीच गडद! विचारलं तर हे म्हणाले, "एक्स्पोर्टच्या कामाला घातलंय. माल बोटीनं अरबस्तानात जातो." कसला माल हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. एक्स्पोर्ट म्हटल्यावर मी कशाची जमिनीवर राहते! दुसऱ्याच दिवशी नळावर सांगून टाकलं, "परदेशी ऑइल हाय ते. आपल्या साबणाला काय दाद देतंय!"

ह्यांच्या वेळाही बदलल्या. कधी लागोपाठ ओव्हरटाइम, कधी दुपारीच परत. "बोट लागली न्हाई," एवढंच सांगून भिंतीकडं तोंड करून पडायचे. भोंग्यावर चालणारं माझं घर आता कुठल्या तरी बोटीवर चालायला लागलं होतं. आणि मी खुळी, आल्यागेल्याला त्या बोटीचं कौतुक सांगत होते. एक मात्र खटकायचं. पोरांनी हातगाडीवरच्या केळ्यांसाठी हट्ट धरला की हे उगाच खेकसायचे, "केळी नकोत घरात. खोकला होतो."

मग एका सकाळी मावशी माझ्या शेजारी धुणं घेऊन बसल्या. माझ्या हातातला शर्ट त्यांनी सहज ओढून घेतला, डाग नखानं खरवडला आणि एकदम खुलल्या.

"अवं माय, हा तर केळीचा चीक! आमच्याकडं घड कापणाऱ्या गड्यांच्या अंगावर हाच असतो. जन्मात जायचा न्हाई हा."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माहेरचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. पण नळावरची बोलणी थांबली. कुणाची तरी कळशी भरून वाहायला लागली तरी ती बाजूला घ्यायचं कुणाला भान नव्हतं.

"कायतरीच काय बोलता मावशी!" मी ओरडलेच. "माझा नवरा टर्नर हाय, टर्नर! केळी उचलायला हमाल वाटला का काय तुमाला?"

शेवटी शेवटी माझाच आवाज फाटला. कारण बोलता बोलता मला सगळी संगती लागत गेली. बोट, अरबस्तान, खोकला. मावशींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि शर्ट हळूच माझ्या बादलीत टाकला.

"चुकलंच माझं. म्हातारीला काय कळतंय? ऑइलच हाय ते."

"व्हय की," दुसरी म्हणाली. "आमच्या ह्यांच्या कपड्याला बी लागतं कधीमधी." तिचा नवरा पोस्टात होता.

त्या हसल्या असत्या तर मी एकीच्या तरी झिंज्या उपटल्या असत्या. पण कुणी हसलं नाही. ज्यांना मी येता-जाता टोमणे मारले त्या बायकांनी मला सांभाळून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मुंबई रोडला पत्र्याची एक शेड होती. अकलूज-इंदापूरकडनं केळीचे ट्रक तिथं उतरायचे, हे सगळ्या चिंचवडला माहीत होतं. दुपारी पोरांना शेजारी ठेवून मी गेले आणि रस्त्याच्या अलीकडं चहाच्या टपरीआड उभी राहिले. गडी घड उतरवत होते, फण्या कापत होते. बायका त्या तुरटीच्या पाण्यात धूत होत्या. हिरवी, सरळ, बिनडागाची केळी तेवढी खोक्यात जात होती, मुंबईच्या गोदीत, तिथून बोटीवर. वाकडी, आखूड, काळा ठिपका पडलेली एका कोपऱ्यात ढिगावर. अरबांना चालत नाहीत म्हणे.

बाकीचे गडी बनियनवर होते. आमचे हे तेवढे युनिफॉर्ममध्ये, गळ्यापर्यंत बटणं लावून. खांद्यावर घड.

"ए कंपनी, उचल की बिगीबिगी!" मुकादम ओरडला.

घरी भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस. "हो भाऊ," म्हणाला आणि पाय उचलून चालायला लागला.

मला त्यांची लाज वाटली. आधी तीच वाटली, नंतरचं नंतर. कुणी ओळखीचं बघत तर नाही ना, म्हणून मी पदर पुढं ओढला आणि पळाल्यासारखी परत फिरले. अर्ध्या वाटेत थांबले. ह्या माणसानं चोरी केली नव्हती. दारू पीत नव्हता. पैसे घरात येत होते. मग तो लपवत होता ते कुणाच्या भीतीनं? मुकादमाच्या? चाळीच्या? चाळीत भोंगा तर मीच वाजवत होते.

घरी पोचले तर दारात मावशी. हातात बाटली. रेशनचं रॉकेल, ज्याच्यासाठी आम्ही बायका रांगेत भांडायचो. माझ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या, "डाग ओला हाय तवर हे चोळायचं, मग पाणी लावायचं. सगळा न्हाई निघायचा, पण फिका पडंल. आणि रॉकेलचा वास आला की माणूस मशीनवरनंच आल्यासारखा वाटतो." मी काही बोलायच्या आत त्या गेल्यासुद्धा.

संध्याकाळी हे आले. पायावर पाणी ओतता ओतता मी म्हणाले, "येताना केळी आणत जावा पोरांना. एक्स्पोर्टला न चालणारी तिथं पडूनच असतात की."

हे तसेच उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "फोरमनशी वाजलं. दिवाळीच्या आधीच कमी केलं मला."

"मग मला का न्हाई सांगितलंत?"

"तू नळावर किती खुशीत असायचीस," हे म्हणाले.

अहो, चार शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. त्यांच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. मी खाली बसून त्यांचे पाय पुसायला लागले, तेवढंच तोंड खाली घालता आलं.

"आणि कुणाला कळलंय का? नळावर?"

"न्हाई," मी म्हणाले. "मलाच कळलं तेवढं. डागावरनं."

त्यांनी सुस्कारा सोडला. त्या रात्री मी शर्टाला रॉकेल चोळलं, धुतला आणि सकाळी तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. हे डबा घेऊन निघाले तेव्हा नळावर सगळ्या जमल्या होत्या. मावशींनी हातातलं धुणं थांबवलं आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं विचारलं,

"काय जावईबापू, फर्स्ट शिफ्ट का?"

हे ताठ झाले. कॉलर सारखी केली. "व्हय मावशी. एक्स्पोर्टचं अर्जंट काम हाय."

"जावा, जावा. उशीर नको व्हायला."

मी दगडावर वाकले ती हे रस्त्याला लागेपर्यंत वर बघितलं नाही. नळावरची एकही बाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.