पेढ्यांचा पुडा

पेढ्यांचा पुडा दिसला की मी दोन पावलं मागे सरकते. मधुमेहाचा काही संबंध नाही. आमच्या रविवारच्या गटातलं कुणी पेढे घेऊन आलं, की समजायचं, त्याला नोकरी लागली आणि आपला एक माणूस गेला.

मी घाटकोपरला डिप्लोमाच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. रविवारी त्याच वर्गात आम्ही एक सॉफ्टवेअर सांभाळतो. रिमोट, इन्व्हर्टर, लिफ्टचं पॅनेल, कशातही जो हिरवा सर्किट बोर्ड असतो, त्यावरच्या तांब्याच्या रेघा ते आखून देतं. ते फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही उघडून दुरुस्त करता येतो. येतो खरा, करत कुणी नाही. अंधेरीच्या गाळ्यांतले छोटे कारखानदार ते रोज वापरतात आणि काही बिघडलं की मला झापतात.

एखाद्याला पगार देऊन या कामाला बसवावं म्हणून कंपन्यांच्या देणगी विभागांत मी चपला झिजवल्या. एका साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "मॅडम, झाडं लावली की आम्ही तिथे पाटी लावतो. तुमच्या सॉफ्टवेअरवर आमची पाटी कुठे लावायची?" दुसरे म्हणाले, "फुकट वाटता ना? मग पैसे कशाला लागतात?" मी हसले. रडण्यापेक्षा ते बरं दिसतं.

मग उरली माझी पोरं. त्यांचा हात बसायला वर्ष जातं आणि हात बसला की कंपन्या त्यांना उचलतात. आमच्याकडे काम केलंय म्हणूनच उचलतात, हे त्यातलं आणखी एक दुखणं.

त्यांत मानखुर्दची एक मुलगी होती. रेघा एकमेकींना न छेदता कशा वळवायच्या, हा सगळ्यात किचकट भाग तिने नव्याने लिहिला होता. तो तिच्याशिवाय कुणालाच धड कळत नव्हता, मलाही नाही. ती गेली तर आमची वाट लागणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती आईला घेऊन आली. आई एका हॉस्पिटलात आयाचं काम करते. तिच्या हातात पुडा होता. मी पुड्याकडेच बघत राहिले.

"मॅडम, पोरगी तुमच्यामुळे नोकरीला लागली," आई म्हणाली. "आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी ऑफिसात बसणार."

चिपचं डिझाईन करणारी कंपनी होती. करारात अट होती, नोकरीत असेपर्यंत बाहेरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, सल्लासुद्धा द्यायचा नाही.

आई पाणी प्यायला बाहेर गेली, तशी पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, अजून सही नाही केली. तुम्ही थांब म्हणालात तर थांबते. खरंच."

ती खरंच थांबली असती. मला तिचा राग आला. हे माझ्यावर कशाला टाकलंस, असं ओरडावंसं वाटलं. कुणीतरी थांबतो म्हणावं म्हणून मी इतकी वर्षं आसुसले होते, आणि आता म्हणालं तर माझ्याकडे द्यायला काय होतं? रविवारचा वडापाव?

"वेडी आहेस का गं? सही कर," मी म्हणाले आणि पुडा फोडून पहिला पेढा तिच्याच तोंडात कोंबला. ती पेढा चघळत रडत होती. तेवढ्यात आई आत आली. आनंदाने रडतेय असं वाटून तिनेही डोळ्यांना पदर लावला.

पुढच्याच आठवड्यात अंधेरीहून फोन आला, रेघा एकमेकींवर चढतायत, बोर्ड जळतायत. मी तिचा कोड उघडून बसले. एका ठिकाणी अडले ती अडलेच. तिने चुटकीसरशी सांगितलं असतं. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. नवी नोकरी, त्यात मी कशाला तिला खड्ड्यात घालू?

रविवारी एक नवीन मुलगी आली. दारातूनच तिने विचारलं, "मॅडम, इथे शिकलं की नोकरी लागते ना?"

खोटं बोलवेना.

"हमखास लागते," मी म्हणाले. "बस."