कोपीत जाणारी गोधडी

दसऱ्यापासून माझा उजवा अंगठा दुखतोय. पीठ मळताना दुखतो, कपडे पिळताना दुखतो. सुई हातात धरली की थोडा वेळ विसरतो आणि उठल्यावर दुप्पट ठणकतो. हे म्हणतात, "घरात मशीन आहे ना, मग हातानं कशाला जीव काढतेस?" मशीन आहे, नणंदेनं दिलेली, चांगली चालू. तिच्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते. मशीनवर बसलं की पाय चालतात आणि डोकं रिकामं राहतं. माझं डोकं रिकामं राहिलं की त्यात काहीबाही शिरतं. गॅस बंद केला का, लेक वसतिगृहात जेवली असेल का, कालपासून भावाचा फोन का नाही. हाताच्या शिलाईत तसं होत नाही. पुढचा टाका घालायचा तर मागच्याकडे बघावं लागतं. तेवढा वेळ सगळ्या काळज्या दाराबाहेर उभ्या राहतात.

शिवण मी कुठं जाऊन शिकले नाही. आठवीत शाळा सुटली. कुणी काढली नाही, आई अंथरुणाला खिळली आणि ती आपोआप सुटली. आई खाटेवरून सांगायची आणि मी खाली बसून टाके घालायचे. माझं माहेर कृष्णाकाठचं. तिथून परभणी जिल्ह्यातल्या या बोरीला लग्न होऊन आले, त्याला आता माझ्या लेकीचं वय आणि वर एक वर्ष झालं. यजमान शाळेत कारकून. दुपारी घर मोकळं असतं. त्या वेळात मी डब्याच्या पिशव्या शिवते, देवापुढचं बसकर शिवते, जुन्या परकराचे उशीचे अभ्रे करते, गल्लीत बाळ झालं की दुपटं देते. विकत मात्र काही देत नाही. एकदा माझं बारीक टाक्यांचं बसकर एका वहिनींनी सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं पाहिलं. दोन दिवस वाईट वाटलं, मग म्हटलं, बसायलाच दिलं होतं.

आमच्या मागच्या पत्र्याच्या घरात मावशी राहते. नात्याची नाही, पण नात्यातल्यांनी जे केलं नाही ते तिनं केलं. मी नवीन होते, दिवस भरले होते, हे निवडणुकीच्या कामाला गेलेले. मावशीनं कुणाची तरी जीप थांबवली, मला जिंतूरला नेलं आणि बाळ होईपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नव्हती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून मावशीला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळही आली नव्हती.

मावशीचं घर दरवर्षी ऊसतोडीला जातं. आणि जातं कुठं, तर माझ्या माहेराकडं. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर येतो, भांडी, कोंबड्या, माणसं भरतो आणि कृष्णेकडं निघतो. मी दारात उभी राहून बघते. माझ्या गावच्या शिवारात ही माणसं चार-पाच महिने राहणार, आणि मला माहेरी जायला आठ दिवस मिळत नाहीत.

यंदा मावशीच्या सुनेला श्रावणात लेकरू झालं, मुलगी. सून आणि मुलगा जोडीनं तोडणार, मावशी फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, राहून भाकरी करणार आणि लेकरू बघणार, असं ठरलं. मी म्हटलं, लेकरासाठी गोधडी मी देते. त्यांच्या घरचेच जुने कपडे घालायचे, म्हणजे लेकराला ओळखीचा वास राहतो. दुसऱ्या दिवशी सून गाठोडं घेऊन आली.

मी गाठोडं सोडलं. सगळ्या साड्या सळसळत्या, नायलॉनच्या. हल्ली सुती साडी नेसतं कोण? धुतली की लगेच वाळणारी, इस्त्री न लागणारी साडी कष्टाच्या बाईला बरी पडते. वर सुनेची लग्नातली मोरपंखी साडी होती. ती म्हणाली, "काकू, ही वरून लावा. लेकराला लय शोभंल." मी हो म्हटलं आणि ती गेल्यावर गाठोडं पुन्हा बांधून ठेवलं.

लहान असताना आमच्या बांधाला कोप्या असायच्या. उसाच्या पाचटाच्या, कमानीसारख्या, वाकून आत जायचं. तोंडाशीच तीन दगडांची चूल. वारा फिरला की ठिणग्या आत. एकदा तिन्हीसांजेला एक बाई ओरडत आमच्या विहिरीकडं पळत आली. साडी जळाली नव्हती, वितळून दंडाला चिकटली होती. आईनं मला घरात ढकललं, तरी मी खिडकीतून बघितलं. बाई वाचली, पण पुढच्या वर्षी आली तेव्हा तिचा हात कोपरात सरळ होत नव्हता.

दोन दिवस मी गाठोड्याला हात लावला नाही. मग मावशीच विचारायला आली.

"झाली का गं सुरुवात?"

"मावशी, ह्या साड्या नकोत."

"का? आमच्या साड्या चालंनात का कारकूनबाईला?"

मी मोरपंखी साडीच्या काठातला एक दोरा ओढला आणि काडी लावली. तो जळाला नाही, आक्रसला आणि टोकाला काळा मणी झाला. तो मी तिच्यापुढं धरला. मग माझ्या जुन्या सुती साडीचा दोरा जाळला, त्याची राख झाली.

मावशी म्हणाली, "आमी काय लेकरू चुलीत निजवायलाव?"

"तसं नाही म्हटलं."

"दरसाल जायलाव आमी. तू कवा राह्यलीस कोपीत?"

"राहिले नाही. बघितलंय."

"बघितलंय म्हणं." तिनं गाठोडं उचललं. "ऱ्हाऊ दे. बाजारात चादरी मिळत्यात."

मी तिला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. जिनं माझ्यासाठी पायरीवर दिवस काढला तिला मी तुझं लुगडं नको म्हटलं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. त्या दिवशी सुई पण धरवेना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला कुणी सांगितलं मधे पडायला? त्यांचं लेकरू, ते बघतील." खरंच होतं. पण त्यांचं लेकरू माझ्या गोधडीवर निजणार होतं. चादरीवर निजलं असतं तरी मला तेच दिसलं असतं, विहिरीकडं पळणारी बाई. मी माझ्या दोन सुती साड्या काढल्या, धुतल्या, दोरीवर टाकल्या. पण पोटात घालायला, मधल्या थरांना, कापड कमी पडत होतं, आणि दुसऱ्याच्या घरचं जुनं मागायची लाज वाटत होती.

नंतर एका दुपारी माझ्या उंबऱ्यात काहीतरी धपकन पडलं. मावशी उभी होती. पायाशी दोन धोतरं, धुवून धुवून दुधासारखी मऊ झालेली.

"म्हाताऱ्याची हायेत. सुतीच हायेत, जाळून बग पायजे तर."

"आणि काका काय नेसतील?"

"हिंडंल तसंच. न्हाई तरी बगायला कोण बसलंय." मग खाली बसत म्हणाली, "सुनंला समजावलं मी. रडली जरा. लग्नातली साडी हाय तिची."

मी पाणी दिलं. ती प्यायली आणि गेली. माफी तिनं मागितली नाही, मीही नाही.

मग मी बसले. जमिनीवर साडी अंथरायची, तिच्यावर धोतराचे थर, वरून दुसरी साडी, सगळीकडून ओढून सुरकुती काढायची, मोठे कच्चे टाके घालून ठेवायचं. मग कडेपासून धावदोरा, एक ओळ, तिच्याशेजारी दुसरी, तशी फिरत फिरत मधे जायचं. घाई केली की मधे फुगवटा येतो, म्हणून गुडघ्यानं दाबून धरते. आता गुडघेही कुरकुरतात. पहिल्या काही ओळी चांगल्या गेल्या. पुढं नुसता शीण. सकाळी स्वयंपाक, दुपारी टाके, संध्याकाळी अंगठ्याला हळद. आवडीचं काम असलं की दमणूक कमी होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दमणूक तेवढीच असते. फक्त सोडवत नाही.

तेवढ्यात मुकादमाचा निरोप आला. कारखाना लवकर सुरू होणार, टोळी उद्याच निघणार. गोधडीची मधली दोन वीत जागा रिकामी होती. सकाळी मी उजाडताच बसले. थोड्या वेळानं सून लेकराला खांद्यावर टाकून आली, लेकरू माझ्या मांडीशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "काकू, मला एक सुई द्या."

"येतं का तुला?"

"येतंय तसं." तिचा एकेक टाका हरभऱ्याएवढा. मी तिकडं न बघायचं ठरवलं.

"साडी ठेवली का नीट?" मी विचारलं.

"पेटीत ठेवलीय. ल्योक झाला की त्याचं लगीन करून त्याच्या बायकोला दिन." आणि स्वतःच हसली. मला बरं वाटलं.

बाहेर ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. मावशी दारात येऊन म्हणाली, "उरलेलं तिथं शिवू. मुकादम शिव्या द्यायलाय." थोडंच राहिलं होतं, ते भरून मी शेवटची गाठ मारली, दोरा तोडला आणि उठले, तर माझ्याबरोबर गोधडीही उठली. माझ्याच साडीचा काठ मी टाक्यात धरला होता. चांगला हातभर. सून हसता हसता खाली बसली. मी उसवायला लागले, पण टाका सापडेना.

मावशी म्हणाली, "सरक." बाहेर जाऊन कोयता घेऊन आली आणि साडीचा तेवढा काठ सरळ कापला. "जाऊ दे तुझी साडी बी गोधडीसंगं. तुला तर माहेराला कुणी नेईना."

सगळे हसले, मीही. गोधडीच्या घडीवर लेकरू घेऊन सून ट्रॉलीत चढली. मी तशाच फाटक्या साडीत रस्त्यापर्यंत गेले.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. माझा अंगठा, ह्यांचं "आता तरी विश्रांती घे", आणि रोज संध्याकाळी चुलीची वेळ झाली की माझं मन तिकडं. सुनेचा फोन लागायचा नाही. लागला तर वाऱ्याचा आवाज. विचारायचं एकच असायचं आणि विचारायला भीती वाटायची. कितीदा वाटलं, बाजारची चादर घेतलीच असेल. हलकी असते, स्वस्त असते, कोण एवढं ओझं वागवणार?

परवा दुपारी फोन आला. मावशी बोलत होती. ती फोनवर ओरडूनच बोलते.

"अगं, लय जड झालीय तुझी गोधडी. पोरगी मुतली की धुवायची, मग वाळायलाच दोन दिस लागत्यात."

म्हणजे वापरात होती. तरी राहवलं नाही.

"मग वाळेपर्यंत पोरीला कशावर टाकता, मावशी?"

"कशावर टाकणार? माझ्या मांडीवर," ती म्हणाली. "दिसभर. चुलीकडं पाठ करून. भाकरी आता सून करती."