छत्तीस राजीनामे

चहा आधी संपवून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझ्या हातून जो घोळ झालाय, तो ऐकून सासरेबुवांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. बायको अजूनही पाहुण्यांना तो सांगायला लागली की अर्ध्यातच हसून आडवी होते, आणि उरलेला मला सांगावा लागतो. तर आता पुरा माझ्याच तोंडून ऐका.

मी जुन्नरला एका शिक्षण संस्थेत नोकरीला. संस्थेच्या जुन्नर-आंबेगावात मिळून आठ शाळा. ओझरला एक, आळेफाट्याला एक, असं करत पार वर घाटघरपर्यंत. या सगळ्या संस्थेत वायरला जोडलेलं जे जे काही आहे, ते माझ्या गळ्यात. पदाचं नाव मात्र भारदस्त, संगणक विभागप्रमुख! विभागात माणसं किती? मी एकटा. आणि तेही तीन वर्षं 'तात्पुरत्या स्वरूपात'.

दर सणाला सासरवाडीला गेलं की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधी प्रश्न यायचा, "जावईबापू, कायम झालात का?"

म्हणून त्या दिवसाचं महत्त्व. दुपारी तीनला संस्थेची सभा होती आणि विषय क्रमांक सात होता मला कायम करण्याचा!

आता आमच्या अध्यक्षांना, म्हणजे अण्णांना, थोडं आधी हौस आली होती. पुण्यात कुठल्याशा कॉलेजात त्यांनी सर्व्हर पाहिला. एका ठिकाणी बटण दाबलं की सगळीकडे कागद निघतो, हे बघून ते इतके भारावले की महिनाभरात आमच्याकडेही सर्व्हर आला. फीत कापली, नारळ फोडला. नारळाचं पाणी सर्व्हरवर उडू नये म्हणून मी मध्ये उभा राहिलो आणि फोटोत फक्त माझी पाठ आली. सर्व्हरला जागा मिळाली लेझीम आणि ढोल ठेवायच्या खोलीत. हेड ऑफिसचा प्रिंटर मात्र अण्णांच्या केबिनमध्ये. का? तर महागाची वस्तू अध्यक्षांच्या नजरेसमोर बरी.

सभेच्या दिवशी सकाळी अण्णांनी मला बोलावलं.

"इलासराव, सातवा विषय तुमचा हाय. पन त्याच्या आत आठी शाळांत हितनं नोटीस छापून दाखवायची. मग मी छातीठोक सांगतो, पोरगं कामाचं हाय."

मी लगेच नोटीस सोडली. पाच मिनिटांत घाटघरच्या क्लार्कचा, गवारीभाऊंचा फोन.

"सर, आलं बरं का!"

"आलं ना? वाचा बघू."

"वाचू काय? नुसतं चौकोन हायेत. वरपासून खालपर्यंत चौकोनच चौकोन. पोरांना रंगवायला दिऊ का?"

झालं! सर्व्हर नवाकोरा आणि प्रिंटर दहा वर्षांचे म्हातारे. आमचे खजिनदार शांतीशेठ, त्यांनी एका स्कीममध्ये एकसारखे नऊ प्रिंटर एकदम उचलले होते. कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला समजावून सांगायला एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या म्हाताऱ्यांचा ड्रायव्हर नव्या सर्व्हरला चालेना. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकांचं ऐकायचं नाही. अगदी आमच्या संचालक मंडळासारखं!

मग मी नेटवरून ड्रायव्हर उतरवायला बसलो. एक टाकायचा, चाचणीची प्रिंट नऊही प्रिंटरांना सोडायची, गवारीभाऊंना फोन करायचा. पण चाचणीला पाठवायचं काय? प्रिंटरचं स्वतःचं चाचणीचं पान इंग्रजीत असतं, ते झकास निघायचं. रडारड होती ती मराठीची. मला हवं होतं मराठीत टाइप केलेलं, वर संस्थेचं नाव, खाली सही, असं एक सुबक पान. माझ्या घरच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर 'अर्ज' नावाची फाइल दिसली. उघडून बघितली. एक पान, मराठी, सही, सगळं जिथल्या तिथे. वा!

आता तो अर्ज कशाचा होता, हे सांगताना मला अजूनही घाम फुटतो.

वर्षभरापूर्वी स्नेहसंमेलनात अण्णांनी स्टेजवरून माझी ओळख करून दिली होती, "हे आपले वायरमन." आठशे पोरांसमोर! मी तडक घरी येऊन राजीनामा टाइप केला. 'मी माझ्या पदाचा राजीनामा स्वखुशीने देत आहे, तो तात्काळ मंजूर करावा.' खाली सही स्कॅन करून चिकटवली. तारीख तर अशी बसवली की फाइल ज्या दिवशी छापाल त्या दिवसाची आपोआप उमटेल. हुशारी उतू चालली होती ना! मग बायकोनं विचारलं, "आणि उद्यापासून कुठं जाणार?" तेव्हा तो अर्ज जो पडून राहिला, तो तसाच.

तुम्ही म्हणाल, अहो, मग तो पाठवलाच कसा? अहो, ड्रायव्हरच्या मागे लागलेला माणूस कागद वाचत नाही, फक्त अक्षरं बघतो! वेलांटी नीट आली का, जोडाक्षर फुटलं का. 'राजीनामा' शब्दातला रफार... बघा, त्यात रफार नाहीच, हेसुद्धा मला आज कळतंय.

पहिला ड्रायव्हर टाकला. नऊ प्रिंटरांना अर्ज सोडला. गवारीभाऊ?

"न्हाई आलं."

दुसरा टाकला.

"न्हाई, सर."

तिसरा. चौथा.

"सर, काईच न्हाई. चौकोन बरं व्हतं, निदान कायतरी येत व्हतं."

सर्व्हरच्या पडद्यावर सोडलेल्या प्रिंटांची रांग दिसत होती. चार वेळा नऊ, म्हणजे छत्तीस. मेल्या असतील, असं समजून मी तिकडे लक्षच दिलं नाही. पण प्रिंट मरत नाही हो, ती वाट बघते!

पावणेबाराला पाचवा ड्रायव्हर टाकला, सगळं एकदा बंद करून चालू केलं आणि चमत्कार झाला. रांग आपोआप हलायला लागली. छत्तीस, तीस, एकोणीस, सात, शून्य! मी ढोलावर एक थाप मारली. गवारीभाऊंना विचारायचीही गरज वाटली नाही. फोन चार्जिंगला तिथेच विसरलो, घरी जाऊन पोटभर जेवलो, आणि कायम होणारा माणूस जसा झोपावा तसा झोपलो.

तीनला हापिसात आलो तर सभागृहात सगळे जमलेले. आठ मुख्याध्यापक सभेसाठी येणारच होते, पण आज सगळ्यांचे चेहरे भरून आलेले. टेबलावर हार, नारळ, शाल. शाल शांतीशेठच्याच दुकानातली, ती बारा महिने तयार असते. घाटघरच्या मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी घरच्या तांदळाची पिशवी आणलेली.

माझा जीव सुपाएवढा झाला. सातवा विषय पहिला घेतला वाटतं! किती ही माया!

अण्णांनी शाल घातली. मी नको-नको म्हणत मान पुढे केली. मग ओझरचे हांडे सर बोलायला उठले.

"विलासराव म्हणजे कष्टाचं दुसरं नाव. आमचा प्रिंटर बंद पडला की हा माणूस पावसापाण्यात यायचा. त्यांची उणीव आपल्याला कायम भासेल."

उणीव? मी शेजारी बसलेल्या शांतीशेठच्या कानात विचारलं, "उणीव कसली?"

त्यांनी माझ्या मांडीवर थोपटलं आणि समोरचा गठ्ठा सरकवला. सगळ्या शाळांमधून आणि अण्णांच्या केबिनमधून गोळा केलेले छत्तीस कागद. वेलांट्या सुरेख. जोडाक्षरं अखंड. आजची तारीख. माझी सही!

"एक आला असता ना, तर आम्ही समजूत घातली असती," शांतीशेठ हळूच म्हणाले. "छत्तीस आले. अण्णा म्हणाले, माणूस पेटलाय, आता अडवू नका. फोन तुम्ही उचलला नाही, मग सभेआधीच बसून एकमतानं मंजूर केला."

मी उठलो. आत्ताच्या आत्ता सांगून टाकायचं, की बाबांनो, ही चाचणी होती! मी माईक हातात घेतला.

आणि तिथे माझं वाटोळं झालं.

कारण टाळ्या पडल्या. तीन वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. पहिल्या रांगेत अण्णा उपरण्यानं डोळे पुसत होते. मला वायरमन म्हणणारे अण्णा! आता या माणसाला काय सांगणार, की हे सगळं ड्रायव्हरमुळे झालं? मी तोंड उघडलं आणि आतून भलताच कोणीतरी बोलायला लागला.

"मित्रहो, पाखराला कधीतरी घरटं सोडावंच लागतं..."

पंचवीस मिनिटं बोललो! आकाश काढलं, क्षितिज काढलं, 'मला मोठ्या संधी खुणावत आहेत' असंही म्हणालो. कुठल्या संधी? माझ्या मोटरसायकलला त्या आठवड्यात आळेफाट्याच्या गॅरेजवालासुद्धा खुणावत नव्हता. हांडे सर हुंदके द्यायला लागले तेव्हा मलाही रडू आलं, आणि ते मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या दारात उभा राहिलो.

"अण्णा, ती चाचणीची प्रिंट होती हो!"

"आन् भाषान?"

मी कालची शाल घडी करून त्यांच्यापुढे धरली.

"आरं राव, आदी सांगायचं न्हाई का? आता ठराव झाला, सह्या झाल्या. सत्काराचा फोटू बोर्डावर लागला. सत्कार केलेला मानूस परत खुर्चीत बसला तर आमाला लोक काय म्हनतील?"

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. जागेची जाहिरात निघाली, अर्थातच 'तात्पुरत्या स्वरूपात'. जाहिरातीतल्या सगळ्या अटी पुऱ्या करणारा तालुक्यात एकच उमेदवार निघाला. मुलाखतीचं पत्र आलं, छपाई अतिशय स्वच्छ.

इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला गेलो. समोर अण्णा, शांतीशेठ आणि हांडे सर. तिघांचेही चेहरे असे, की जणू मला जन्मात पाहिलेलं नाही. अण्णांनी चष्मा चढवला, माझा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि अगदी शुद्ध भाषेत विचारलं,

"आधीची नोकरी आपण का सोडली?"

मी म्हणालो, "साहेब, प्रिंट आली."