बाबांची टाच

काय करतोस, असं मामांनी किंवा आणखी कुणी विचारलं तर तो सांगे, दुकानांच्या काचेत ठेवतात ते पुतळे बनवतो. अगदीच थाप नव्हती. सुरुवात त्यानं पुतळ्यांच्या हातांपासूनच केली होती. पण गेली पंधरा वर्षं एका भाड्याच्या गॅरेजमध्ये तो असे भयपट काढत होता, की पाहणारे तोंडावर हात धरून बाहेर पळत. लिहिणारा तोच, दिग्दर्शक तोच, आणि कापलेली बोटं, सोललेली पाठ हेही त्याच्याच हातचं. घरमालकानं एकदा न विचारता दार उघडलं, तर दोरीवर रबराची तीन मनगटं वाळत होती. तेव्हापासून घरमालक दोनदा खोकून मगच आत येई.

बाबांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षी टाचेला जखम झाली, ती काही भरेना. थोरली बहीण, ताई, रोज ऑफिसला जाण्याआधी ती धुऊन पट्टी बदलायची. पडद्यावर माणसं उभी चिरणारा हा गडी, पण बापाच्या पायाशी बसायचं म्हटलं की याला काम आठवायचं. दारातूनच चौकशी करून सटकायचा.

एका सकाळी मात्र तो आत आला आणि मोबाइल काढून फोटो घेऊ लागला. कडेचा करडा रंग, मधला ओलसर पिवळेपणा; असं त्याला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. मुलगा जवळ आला म्हणून बाबा हरखले. खिडकीचा उजेड नीट पडावा म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून धरला. पाय जड झाला तरी त्यांनी तो खाली टेकवला नाही.

"आलं का नीट?"

"अजून एक," तो म्हणाला.

बाबा गेले. वर्षभरात त्याचा पाचवा सिनेमा आला आणि त्यातली टाच गाजली. एका महोत्सवात तिला बक्षीसही मिळालं. कशी बनवली, असं विचारलं की तो सिलिकॉनबद्दल आणि रंगांच्या थरांबद्दल भरभरून बोले.

ताईच्या ऑफिसात कुणीतरी गंमत म्हणून तिला तेवढा प्रसंग दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदाच गॅरेजवर आली. टाच फळीवरच होती.

"ही बाबांची आहे."

वेळ मारून न्यायला त्याच्याकडे शंभर सबबी होत्या. पण त्या टाचेवर सात महिने जिचे हात फिरले होते, तिला काय सांगणार?

"हो," तो म्हणाला.

"त्यांना वाटायचं, तू ते फोटो डॉक्टरांना दाखवतोयस. डॉक्टर काय म्हणाले, असं शेवटपर्यंत मला विचारत होते."

"मग तू काय सांगायचीस?"

"सुधारतंय म्हणायचे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईनं आरडाओरडा केला नाही. तिथलंच एक वर्तमानपत्र घेतलं, टाच त्यात गुंडाळली, पिशवीत घातली आणि गेली.

त्यानं सिनेमा विकत घेणाऱ्यांना तो प्रसंग काढून टाकायची गळ घातली. ते हसले, त्यांनी सिनेमा त्या प्रसंगासाठीच तर घेतला होता. तो अजूनही कुठे ना कुठे लागतो.

आता तो जखमा मनानंच बनवतो. पूर्वीचा हात राहिला नाही, असं लोक लिहितात. तो वाचतो आणि पुढच्या कामाला लागतो. धंदा मात्र लपवत नाही. भयपट काढतो, असं मामांनाही सरळ सांगून टाकलं. त्या धंद्याची लाज कधीच गेली.

ताईचा दर आठवड्याला फोन येतो, जेवलास का विचारते. टाचेचं तिनं काय केलं, हे विचारायची त्याची अजून छाती झालेली नाही.