फळ्यावर लिहिलेलं तिच्या आईचं बोलणं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर म्हणायचो, त्या मुलीचं लग्न ठरलं, म्हणून तिनं परीक्षेचा नाद सोडला. ते खोटं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सांगलीत भरतीच्या परीक्षांसाठी मराठी शिकवत असे. चार वाक्यांतलं शुद्ध वाक्य निवडा, हा प्रश्न खेड्यातल्या मुलांचा हमखास चुकायचा. त्यावर माझा तोडगा ठरलेला होता : "घरी आई बोलते तसलं वाक्य आधी खोडायचं." मुलं हसायची. गुणही मिळायचे, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

ती मुलगी जतकडची. घरी मेंढरं, बोलण्याला कानडी हेल. मागच्या वेळी तिची तलाठ्याची जागा थोडक्यात हुकली होती, आणि घरच्यांनी ही शेवटची परीक्षा म्हणून बजावलं होतं.

एका दुपारी तिची आई भाकरी घेऊन वर्गाच्या दारात आली. चप्पल बाहेर काढून म्हणाली, "आवं सर, माजी पोर लय हुशार हाय. येवढ्या बारीला तिला पास करून सोडा."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आला बघा नमुना!"

वर्ग हसला आणि मला चेव आला. मी ते बोलणं जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि मुलीला उभं केलं. "कर शुद्ध."

तिनं खडू घेतला. आईचा एकेक शब्द खोडून वर नीट लिहिला. एकही चूक नव्हती. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. "चुकलं व्हय माजं?"

मुलगी आईला घेऊन गेली, ती परत आली नाही. हॉलतिकीट येऊनही ती परीक्षेला बसली नाही, हे मला तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीनं सांगितलं. मी वर्गात लग्नाचं सांगून मोकळा झालो.

गेल्या उन्हाळ्यात पत्ता काढत जतला गेलो. आईनं मला ओळखलं. घोंगडं अंथरलं, चहा दिला, पण बोलेना. मुलगी डाळिंबाच्या बागेत कामाला गेली होती.

मी म्हणालो, "गप्प का? बोला की."

"न्हाई सर. पोर म्हणती, आये, शिकल्याल्या माणसाम्होरं बोलू नगंस." मग म्हणाली, "आमचं आडाणी बोलणं. त्यापायीच तिची शाळा सुटली जनू."

त्या दिवशी चूक तुमची नव्हती, माझी होती, एवढंच सांगायला मी आलो होतो. येताना एसटीत ते कितीदा तरी मनाशी म्हणून पाहिलं होतं. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि ती घागर घेऊन उठली. मी कपबशी खाली ठेवली आणि म्हणालो, "येतो."